तीन मोजे घालूनही पाय बर्फ का?

प्रश्न: नमस्कार. मी साताऱ्याची, वय ५६. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले, इतिहास-भूगोल शिकवायचे. रोज पहाटे अजिंक्यतारा चढते, त्यामुळे गुडघे अजून माझं ऐकतात. लेक आणि जावई जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघालेत आणि ‘आई, तू पण चल’ म्हणून हटून बसलेत. मला जायचंय हो, पण दोन वर्षांपूर्वी मनालीला बर्फ बघायला गेलो तेव्हाची धास्ती आहे. चार स्वेटर, वर कोट, माकडटोपी, पायात एकावर एक तीन लोकरीचे मोजे, एवढा जामानिमा करूनही तासाभरात पायाची बोटं बधिर झाली आणि उरलेले दोन दिवस मी हॉटेलात रजई पांघरून काढले. इथे तर दिवसभर बर्फात राहायचं. शेजारचे निवृत्त सुभेदार म्हणतात, रमचे दोन घोट जवळ ठेवा. जाऊबाई म्हणतात, तोंडाला खोबरेल तेल चोपडा. लेक म्हणते, आणखी जाड मोजे घेऊ. बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. काय करू?
– काकडलेली काकू
ता. क. तिकडे मेतकूट-भात मिळेल का?

उत्तर: नमस्कार बाई. सहीत तुम्ही काकू लिहिलंत, पण ज्यांनी वर्ग सांभाळला त्यांना बाई सोडून दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.

जा. रोज अजिंक्यतारा चढणारी बाई स्कीइंगसाठी पुण्यातल्या संगणकापुढच्या निम्म्या पोरांपेक्षा जास्त तयार असते. आधी तुमच्या मनालीच्या पायांचा निकाल लावतो, कारण पुढचं बरंचसं त्यातूनच निघतं.

तुमचे पाय मोज्यांनीच गारठवले. ऊब मोज्यात नसते, ती रक्तातून येते. मोजा ती धरून ठेवतो, आणि तेही धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. एका बुटात तीन मोजे कोंबले की ती हवा पिळून निघते, वर पाऊल इतकं आवळलं जातं की बोटांपर्यंत रक्तच धड पोचत नाही. त्यात लोकर तीन पदरी झाल्यावर पायाला घाम येतो, घामाने मोजा ओलसर होतो, आणि ओला मोजा कोरड्याच्या कितीतरी पट वेगाने ऊब घालवतो. म्हणजे तुम्ही पायांना पांघरूण घातलंत असं तुम्हाला वाटलं, पण प्रत्यक्षात त्यांना ओल्या फडक्यात गुंडाळून दोरीने बांधलंत.

मनालीला निदान गमबूट असतील, ते थोडे तरी ताणले जातात. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लॅस्टिकचं कवच, त्याला चार बक्कलं. तो जराही सैलावत नाही. त्यात फक्त एक मोजा घालायचा, तोही पातळ, गुडघ्यापर्यंत येणारा, मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती नको. लेकीला सांगा, जाड मोजे घेऊ नको, एकसारखे पातळ चार जोड घे.

हे मी शिकलो ते फजिती होऊन. पहिल्यांदा गुलमर्गला गेलो तेव्हा मीही दोन मोजे चढवले होते, आतला सुती, बाहेरचा आईने विणलेला. ज्या दुकानातून बूट भाड्याने घेतले तिथल्या पोऱ्याने ‘टाइट है ना? टाइट अच्छा है’ म्हणत बक्कलं शेवटच्या दातापर्यंत ओढली. गोंडोलाच्या, म्हणजे दोरावरून डोंगरावर नेणाऱ्या डब्यांच्या, रांगेत पाऊण तास उभा होतो. आधी बोटं दुखली, मग दुखायची थांबली, आणि मला वाटलं, चला, सवय झाली. वर पोचल्यावर माझ्या म्हाताऱ्या इन्स्ट्रक्टरने विचारलं, ‘उंगली हिलता है?’ मी म्हटलं, कळत नाही. त्याने तिथेच मला खाली बसवलं, बूट काढला, मोजे ओढले. अंगठ्याशेजारची दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती. मी त्यांना हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या पायाला हात लावल्यासारखं वाटलं. त्या माणसाने आपल्या जाकिटाची चेन उघडली, आतला स्वेटर वर केला आणि माझं उघडं पाऊल सरळ आपल्या पोटावर धरलं. पाचेक मिनिटांनी ज्या कळा आल्या त्या विचारू नका. डोळ्यांतून पाणी आलं. तो हसून म्हणाला, दुखतंय म्हणजे पाय परत आला. मग एक मोजा मला घालायला दिला आणि आईने विणलेला स्वतःच्या खिशात टाकला. संध्याकाळपर्यंत काही परत दिला नाही.

तेव्हा सकाळी बूट घालताना मुळीच घाई करू नका, भले जावई दारात उभे राहून घड्याळ बघोत. हॉटेलातून निघताना घातलेला मोजा एव्हाना दमट झालेला असतो, तो बदला. नवा मोजा असा ओढा की टाचेचा भाग बरोबर टाचेवर येईल आणि सुरकुती एकही राहणार नाही. थर्मलच्या विजारीचा काठ बुटाच्या आत जाऊ द्यायचा नाही. ती जाड कड नडगीवर रुतली तर दुपारपर्यंत नडगी काळीनिळी होते. पाऊल आत गेलं की टाच दोनदा जमिनीवर आपटून मागे बसवायची आणि मग बक्कलं. वरची दोन घोट्याच्या वर घट्ट, पावलावरची खालची दोन नुसती अडकवलेली. ताठ उभं राहिलं तर बोटं पुढे जेमतेम टेकतात, गुडघे वाकवले की मागे सरकतात, आणि आतल्या आत हलवता येतात, हा बूट तुमचा. नसेल तर दुसरा मागा, तिसरा मागा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे. आणि जेव्हा जेव्हा रांगेत उभं राहायचं असेल, चहाला बसायचं असेल, तेव्हा बक्कलं सोडून टाकायची. आयुष्यभर स्की करणारे लोकही हेच करतात.

आता एक जोडवीची गोष्ट. घालत असाल तर ती साताऱ्यालाच ठेवून जा. कडक बुटात जोडवं बोटाला आवळतं, आणि धातू असल्यामुळे ऊब ओढून घेतं ते वेगळं. बोट सुजलं तर ते काढताना काय हाल होतात ते सांगवत नाही. अंगठ्या, बांगड्या, कानातल्या कुड्या, सगळ्यांना हेच लागू. मंगळसूत्र थर्मलच्या आत कातडीला लागून असतं, तिथे ते उबदारच राहतं, त्याची चिंता नाही.

पायांची दुसरी बाजू अशी की पाय गार पडतात त्याचं कारण बऱ्याचदा पायात नसतंच. तुमच्याकडे कालव्याचं पाणी कमी आलं की आधी कुणाचं तुटतं? टेलच्या शेतकऱ्याचं. शरीराचंही तसंच आहे. पोट-छाती गार व्हायला लागली की ते हातापायांच्या बोटांकडे जाणारं रक्त तोडतं आणि मधल्या भागाला पुरवतं. म्हणून पाय गारठले तर पायांचं काहीतरी करण्याआधी टोपी घाला, गळा झाका, दोन घास खा, दहा पावलं चढ चढा. इथे तुमच्या गोळीचा एक प्रश्न आहे. बीपीच्या काही गोळ्यांमुळे, विशेषतः अटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर प्रकारातल्या, हातपाय लवकर गार पडतात. तुमची गोळी कुठली आहे ते मला माहीत नाही, तेव्हा निघायच्या आधी डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून विचारा आणि इतक्या उंचीवर जाताय हेही त्यांना सांगा. आपल्या मनाने गोळी बंद मात्र करायची नाही.

चार स्वेटरांकडे येऊ. स्कीइंग शिकणाऱ्याचा पहिला दिवस कसा जातो ते कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. तुम्ही बेबी स्लोपवर, म्हणजे नवशिक्यांच्या बसक्या उतारावर असाल. स्की आडव्या धरून, खेकड्यासारखं एकेक पाऊल टाकत चढायचं, वीस सेकंदांत खाली घसरायचं, पडायचं, उठायचं आणि पुन्हा चढायचं. पहिल्या अर्ध्या तासात अंगातून असा घाम निघतो की अजिंक्यताऱ्यावर मे महिन्यात निघणार नाही. मग इन्स्ट्रक्टर थांबवतो आणि दहा मिनिटं समजावून सांगतो. त्या दहा मिनिटांत तो घाम गार होतो आणि माणूस कुडकुडायला लागतो. बर्फात नवशिका गारठतो तो बहुतेक वेळा आधी तापलेला असतो म्हणून.

त्यामुळे अंगाला लागून सुती बनियन, सुती पेटीकोट, सुती काहीही नको. सुती कापड घाम पिऊन बसतं आणि सोडत नाही. आतून थर्मल, मधे एक फ्लीसचं जाकीट, बाहेरून वारा आणि बर्फ अडवणारं कवच. तुमच्या चारपैकी एखादा खरा लोकरीचा स्वेटर असेल तर तो मधल्या थराला चालेल, आणि एक पातळसा पिशवीत जादा ठेवा. हॉटेलातून बाहेर पडताना थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर तुम्ही जास्त घातलंय. चढायला लागण्याआधी जाकिटाची गळ्याजवळची चेन उघडायची, थांबल्याबरोबर लावायची. मला वाटतं दिवसातून पन्नासदा तरी मी ती चेन वरखाली करत असेन.

टंगमर्गला, म्हणजे गुलमर्गच्या खाली शेवटच्या गावात, तुमची टॅक्सी थांबेल आणि लांब फरचे कोट आणि गमबूट भाड्याने घ्या म्हणून गराडा पडेल. फोटोपुरते ते कोट झकास दिसतात. पण ते घालून पडल्यावर उठता येत नाही, आणि कालच्या गिऱ्हाइकाच्या पायाची ओल त्या गमबुटात अजून असते. नम्रपणे नको म्हणा.

हातांसाठी बोटं वेगळी नसलेले, पिशवीसारखे हातमोजे घ्या. चार बोटं एकत्र असली की एकमेकांना ऊब देतात. आत पातळ रेशमी किंवा लोकरीचा मोजा, म्हणजे चेन लावायला किंवा फोटो काढायला बाहेरचा काढला तरी हात उघडा पडत नाही. नवशिक्याचे हात दिवसभर बर्फात जातात, तेव्हा दुसरा जोड पिशवीत हवाच. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. बाहेरच्या खिशात थंडीने बॅटरी धापा टाकते आणि चाळीस टक्के दाखवत असताना फोन बंद पडतो.

थंडी नक्की किती, हा भूगोलाचा तास तुम्हीच घ्यायचा, पण आकडे मी देतो. जानेवारीचा दुसरा आठवडा म्हणजे ऐन चिल्लई कलान. २१ डिसेंबरला सुरू होणारे हे ४० दिवस काश्मिरी माणूसही दबकून काढतो. वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. गुलमर्गला या दिवसांत रात्री पारा उणे १० च्या आसपास जाणं ही बातमीच नव्हे. गाव आहे साधारण २,६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, तिथली उंची ३,१०० च्या आगेमागे. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर नेतो. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात, हे तुम्ही फळ्यावर लिहिलेलंच असणार. म्हणजे गावात उणे ८ असेल तर वर उणे १६. आणि वर वारा असतोच. ताशी ३० किलोमीटरचा वारा धरला, तर कॅनडाचं हवामान खातं ज्या सूत्राने मोजतं त्या हिशेबात उघड्या कातडीला ते उणे २७ सारखं लागतं. त्याच्या जरा खाली गेलं की उघडं नाक, उघडे गाल १० ते ३० मिनिटांत गोठू शकतात. उतारावरून सुसाट येणारा माणूस वारा नसतानाही स्वतःचा वारा स्वतः तयार करतो, हे लेकीला आणि जावयाला वाचून दाखवा.

माघार घेण्यात कमीपणा नाही, हे सांगायला एक नियम पुरेसा आहे. क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत मार्गावरच्या सर्वांत थंड ठिकाणी पारा उणे २० च्या खाली असेल तर शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. हे नॉर्वे-फिनलंडच्या गड्यांसाठी, बरं का. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पुरुषांची ५० किलोमीटरची शर्यत थंडी आणि वाऱ्यामुळे ३० किलोमीटरवर आणली होती. त्यातही फिनलंडच्या एका स्कीपटूचा असा एक अवयव गोठला की तो मी बाईंना लिहिलेल्या पत्रात लिहू शकत नाही. जावयांना एवढाच निरोप द्या की आतल्या विजारीला पुढून वारा अडवणारं कापड असू दे. कारण ते स्वतः शोधून काढतील.

तुमच्यापुरतं म्हणाल तर दुसऱ्या टप्प्यावर तुमचं काही काम नाही. तो आखलेला उतार नाही, मोकळा डोंगर आहे, आणि तिथे हिमकडे कोसळून अनुभवी परदेशी स्कीपटूही दगावले आहेत. नुसतं बघायला गोंडोलाने गेलात तर जाऊन या, दृश्य पाहण्यासारखं आहे. पण हळू चाला, डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं तर पुढच्या डब्यात बसून खाली या, आणि अर्ध्या तासाच्या वर रेंगाळू नका. शिकण्यापुरती गंमत अशी की कडाक्याच्या थंडीत बर्फ संथ होतो. स्की सरकते ती घर्षणाने तयार होणाऱ्या अगदी पातळ ओलसर थरावर, आणि पारा फार उतरला की तो थर नीट तयारच होत नाही. बर्फ पायाखाली करकर वाजतो आणि वाळूसारखा स्कीला धरून ठेवतो. पटाईत लोक त्यावर वैतागतात. तुम्हाला मात्र तो सांभाळून घेईल.

चेहऱ्याचं बघू. जाऊबाईंना दुखवायचं नाही, पण खोबरेल तेल नको. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, हा भाग वेगळा. थंडीपासून रक्षण करणारी म्हणून जी मलमं लावतात त्यांची पाहणी फिनलंडच्या सैन्यातल्या जवानांवर झाली होती आणि मलम चोपडणाऱ्यांनाच चेहऱ्याचा हिमदंश जास्त झालेला दिसला. चोपडल्यावर गरम वाटतं, कातडी गोठते आहे हे कळत नाही, आणि माणूस निर्धास्त होतो. सनस्क्रीन मात्र हवं, निघण्याआधी अर्धा तास, खोलीतच लावायचं. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं बहुतांशी परत वर फेकतो, त्यामुळे हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा. तिथे भाजल्यावर शिंकताना आठवण होते.

माकडटोपी संध्याकाळी बाजारात फिरायला घ्या, तिच्यासारखी चीज नाही. स्की करताना हेल्मेट असेल आणि जाड लोकर खाली घातली तर हेल्मेट डुगडुगतं. त्यासाठी पातळ कापडाची, डोकं-गळा-हनुवटी झाकणारी टोपी मिळते. ती नाकावर घेतली की श्वासाची वाफ वर गॉगलमध्ये शिरते, म्हणून नाकाखाली थोडी फट ठेवायची. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल मागा. आणि गॉगल कपाळावर चढवून ठेवायची फॅशन करू नका. घामाची वाफ आत जाते, तिचा बर्फ होतो, आणि मग पुसत बसलं तर काचेवर वाफ धरू न देणारा आतला लेप जातो.

नाक, गाल, कान. हे तीन पहारे तुम्ही स्वतःवर ठेवू शकत नाही, कारण गोठलेलं नाक दुखत नाही. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी लेकीने तुमचं तोंड बघायचं आणि तुम्ही तिचं. रुपयाएवढा पांढरा किंवा पिवळसर मेणचट डाग दिसला की त्या क्षणी थांबायचं. गालावर उबदार तळवा दाबून धरायचा, हाताची बोटं काखेत घालायची, आणि आत जायचं. चोळायचं नाही. बर्फाने तर मुळीच नाही. बर्फ चोळण्याचा सल्ला नेपोलियनच्या सैन्याचा सर्जन लॅरे याने १८१२ च्या रशियाच्या मोहिमेतून आणला. त्याने पाहिलं होतं की गोठलेले पाय शेकोटीला धरणाऱ्या सैनिकांचे पाय सडले. निरीक्षण बरोबर होतं, उपाय चुकला, आणि तो चुकलेला उपाय पुढे शंभराहून जास्त वर्षं पुस्तकांत राहिला. इतिहासाच्या बाईंना हे आवडेल म्हणून लिहिलं. बधिर बोटं बुखारीला, म्हणजे खोली तापवणाऱ्या तिकडच्या शेगडीला, लावायची नाहीत, तेवढं लॅरेचं आजही खरं. कातडी भाजते आणि कळतही नाही. पंधरा-वीस मिनिटांत रंग आणि संवेदना परत आली नाही, किंवा कातडी कडक लागली, फोड आले, तर सरळ डॉक्टर. तोवर बाळाच्या अंघोळीला लागतं तेवढं, कोपर बुडवून पाहिलेलं ३७ ते ३९ अंशांचं पाणी, तेही पुन्हा थंडीत जायचं नसेल तरच. एकदा वितळलेलं बोट परत गोठलं तर जास्त नुकसान होतं.

याहून मोठा धोका बोलण्यातून कळतो. कुणी सारखं कुडकुडतंय, शब्द जड यायला लागलेत, हातातून काठ्या निसटताहेत, चिडचिड करतंय किंवा ‘मला इथेच बसू द्या’ म्हणतंय, तर त्याचं ऐकायचं नाही. आत न्यायचं, ओले कपडे काढायचे, कोरडं पांघरायचं, शुद्धीवर असेल तर गोड चहा द्यायचा. आणि कुडकुडणं थांबलं पण माणूस पेंगायला लागला, तर तो बरा झालेला नाही, जास्त बिघडलाय. तेव्हा मदत बोलवायची.

सुभेदारसाहेबांच्या रमबद्दल. रम प्यायल्यावर गरम वाटतं कारण कातडीकडचं रक्त वाढतं, आणि तीच ऊब बाहेर निघून जाते. वर अक्कल जरा सैल होते, जी उतारावर घट्ट लागते. स्की काढून, बूट वाळत घालून, जेवणाच्या आधी कुणाला घ्यायची असेल तर घेऊ दे. उतारावर थर्मासमध्ये कहावा, म्हणजे काश्मिरी चहा, न्या.

आणि पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही, आणि बायका आणखी एका कारणाने पाणी टाळतात. माझी बायको म्हणते, खांद्यावरून पट्टे येणारी स्कीची विजार दिसायला छान, पण बायकांसाठी वैताग, त्यापेक्षा कमरेची घ्या आणि चहाच्या प्रत्येक थांब्याला लागो न लागो जाऊन या. हा सल्ला तिचा, मी फक्त टपाल. खाण्यासाठी खिशात शेंगदाण्या-गुळाचे लाडू ठेवा. चिक्की नेऊ नका. उणे दहाला तिचा दगड होतो आणि मग दाढेचा प्रश्न येतो.

संध्याकाळी बूट दुकानात परत देऊ नका, खोलीवर आणा. बाहेर राहिलेला बूट सकाळी इतका कडक होतो की पाय आत जात नाही. आतलं अस्तर बाहेर निघतं, ते काढून बुखारीपासून हातभर लांब ठेवा, किंवा वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. झोपायला बहुतेक ठिकाणी विजेचं ब्लँकेट मिळतं. वीज गेली आणि कुणी प्रेमाने कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची हातशेगडी, आणून दिली तर तिच्यावर हात शेका, फेरनमध्ये, म्हणजे त्यांच्या घोळदार झग्यात, घेऊन फोटो काढा, पण खोली बंद करून ती आत ठेवून झोपू नका. कोळशाच्या धुराचा विषारी वायू वासाने कळत नाही आणि दर हिवाळ्यात काश्मिरात त्याने माणसं जातात. बुखारीला छपरातून जाणारा धुराडा आहे ना, तोही बघून घ्या, आणि खिडकी बोटभर उघडी. थंडीला भिऊन ती बंद करावीशी वाटेल. करू नका.

तारखा अजून पक्क्या नसतील तर फेब्रुवारीचा मध्य बघा. बर्फ भरपूर असतो आणि थंडीचा दात बोथटलेला असतो. पक्क्या असतील तर तसंच जा. सकाळी दहाच्या आधी उतारावर पोचायची घाई करू नका, आणि ज्या दिवशी वाऱ्यामुळे गोंडोला बंद असेल त्या दिवशी हॉटेलात रजई घेऊन बसायला तुमच्याइतकं अनुभवी कुणीच नाही.

ता. क. चं उत्तर: भात काश्मिरात कुठेही मिळेल, तोच त्यांचा रोजचा जेवणातला आधार. मेतकूट नेलं तरच. तुपाची छोटी बरणीही घ्या, फक्त ती बुखारीजवळ ठेवा, नाहीतर सुरीने कापावं लागेल.